भुसावळ ते महालक्ष्मी : गन्स एन' रोझेस, १७ मे २०२५

शुक्रवार, १६ मे : भुसावळ

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरवडा उलटलेला, लग्नसराई ऐन भरात, आणि दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असं ऊन. अशा दिवसांत खान्देशातून कोणी मुंबईला निघालं की एक तर लग्न असतं नाही तर दवाखाना. ही टोळी निघाली होती रेसकोर्सवर रॉक ऐकायला. जळगाव, भुसावळ, धुळे आणि अमळनेरची माणसं. त्यात अमळनेरचा एक साउंडवाला दादा, स्वतःचा डीजे असलेला. लग्नाची तिथी सोडून तो आला होता, म्हणजे तिकिटाची किंमत काहीही असो, सगळ्यांत महागात हा प्रवास त्यालाच पडला.

हाच कार्यक्रम का, तर गन्स एन' रोझेस हा अमेरिकी रॉक बँड याआधी मुंबईत वाजला तो ९ डिसेंबर २०१२ ला, बीकेसीत. तेव्हा गायक ॲक्सल रोझ होता, पण गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मॅकेगन नव्हते. ते दोघं बँडमध्ये परतले २०१६ मध्ये. त्यामुळे १९८७ च्या पहिल्या अल्बमवर ज्यांचे हात आहेत असे हे तिघं एकत्र भारतात येण्याची ही पहिलीच वेळ. ड्रमवर आयझॅक कार्पेंटर, याच वर्षी आलेला. दौरा मेच्या सुरुवातीला दक्षिण कोरियातून सुरू झाला होता, म्हणजे मुंबईपर्यंत बँडचा हात बसलेला असणार हा हिशेब होता.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, आणि कार्यक्रमाची घोषणा बहुतेक वेळा त्याच्याही आधी होते. म्हणून कार्यक्रमाचं तिकीट हातात आलं की गाडीच्या आरक्षणाची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवावी. तत्काळवर विसंबू नये. निश्चित झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, आणि मोठे कार्यक्रम ऐनवेळी रद्द होऊ शकतात. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम लोक मैदानात पोहोचल्यावर बारगळला होता; दोन दिवसांनी बंगळुरूचा मात्र झाला. तेव्हा साधं आरक्षण आणि रद्द करता येणारी खोली, एवढी सोय हवीच.

प्रवेशासाठीचा मनगटी पट्टा कुरिअरने मागवायचा की मैदानावरच्या खिडकीवर घ्यायचा, असा पर्याय बऱ्याचदा असतो. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने खिडकीच निवडावी. गावात कुरिअरवाला पत्ता सापडला नाही म्हणून पाकीट परत पाठवतो आणि ते मुंबईत कुठे पडलंय हे कोणालाच सांगता येत नाही. पट्टा घरी आलाच तर आदल्या रात्री हौसेने बांधू नये. त्याची प्लॅस्टिकची कडी एकाच दिशेने सरकते, मागे येत नाही. एकदा घट्ट झाला की कात्रीशिवाय सुटत नाही, आणि कापलेला पट्टा गेटवर चालत नाही. बांधताना कापड आणि मनगट यांत एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची. उन्हात हात सुजतो.

संध्याकाळी जेवण झालं ते शेवभाजीचं, पण एकाने घरून कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा आणला होता आणि तेच आधी संपलं. मेमध्ये भरिताचा आग्रह धरू नये, बामणोदची चांगली वांगी थंडीत. मेमध्ये आमरस, तोही खापरावरच्या मांड्यांसोबत. फक्त कार्यक्रमाच्या आदल्या रात्री जपून. काळ्या मसाल्याची तर्री आणि दुसऱ्या दिवशी मैदानावरची शौचालयाची रांग, हे जुळत नाही.

रात्रीच्या गाडीत जळगावला एक आजी चढल्या. काळे टी-शर्ट घातलेली एवढी माणसं एका डब्यात पाहून त्यांनी कुठे निघालात म्हणून विचारलंच, "कथा चालनात रे पोरेहो?" मुंबईले, गाना ऐकाले, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "इतला दूर? गावमा डीजे नही शे का?" साउंडवाला दादा म्हणाला, "डीजे मनाच शे, माय." त्यावर आजी हसत राहिल्या आणि पिशवीतून बिबड्या आणि शेंगदाणे निघाले.

समोरच्या बाकावरचे काका निवृत्त गार्ड. भुसावळ रेल्वेचं गाव, अँग्लो-इंडियन कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. त्यांच्या घरांतल्या रेकॉर्डी, नाताळातले नाच, भाड्याने आणलेला ड्रमसेट, असं ते चाळीसगाव येईपर्यंत सांगत होते. खान्देशात इंग्रजी गाणं केबल टीव्हीने आणलं असं मानणाऱ्या पोरांचा गैरसमज तिथेच संपला.

शनिवार, १७ मे : दादर, महालक्ष्मी

पहाटे दादर. कार्यक्रम संध्याकाळी असताना सकाळीच मुंबई पालथी घालायला निघणं हा बाहेरगावच्या माणसाचा नेहमीचा हट्ट. संध्याकाळी पाच-सहा तास उभं राहायचं आहे, म्हणून दादर भागात काही तासांची खोली घेऊन दुपारपर्यंत झोपावं. खोलीबाहेर पडल्यावर पहिला फटका हवेचा. जळगावला ४३ अंशांत घाम दिसत नाही, वाळून जातो. मुंबईत ३४ अंशांतच शर्ट ओला. खान्देशी माणसाला वाटतं आपल्याला उन्हाची सवय आहे. सवय कोरड्या उन्हाची असते. दमट हवेत घाम उडत नाही, अंग थंड होत नाही, आणि चक्कर येते ती याच फाजील आत्मविश्वासाने. दुपारपासून थोडं थोडं पाणी, एक पाकीट ओआरएस, आणि रांगेत उभं राहण्याआधी अर्धा तास पिणं थांबवायचं.

जेवण दोनच्या सुमारास, भात-वरणासारखं साधं. निघताना दोन केळी. रावेरचं केळं पिशवीत असताना चौपट भावाचं सँडविच कशाला? गेटवर खाण्याचं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा केळी रांगेतच संपवायची.

सोबत काय न्यावं याची यादी छोटी आहे : ओळखपत्र, फोन, थोडी रोकड, कानातले बोळे, रुमाल. पाठपिशवी, बाटली, छत्री, सेल्फी काठी हे बहुतेक ठिकाणी अडवतात. पॉवर बँक, लायटर, अत्तर काही ठिकाणी. तिकिटासोबत यादी येते, ती वाचावी. बूट बंद आणि वापरलेले; नवे बूट आणि चपला दोन्ही नकोत. गर्दीत पायावर पाय पडतोच. तिकिटाचा क्यूआर कोड फोनमध्ये फोटो म्हणून जतन करून ठेवावा, कारण हजारो फोन एका टॉवरवर आले की नेटवर्क बसतं आणि यूपीआयचं चाक नुसतं फिरत राहतं. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवावी. 'स्टेजजवळ' ही जागा नव्हे. 'मिक्सरच्या मचाणाचा मागचा डावा कोपरा' ही जागा. (मिक्सर म्हणजे कार्यक्रमाचा आवाज जुळवायचं यंत्र.)

दादरहून महालक्ष्मीला जाताना पश्चिम रेल्वेची धीमी लोकलच पकडायची, जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट पाहून घेता येतो. रेसकोर्स चालण्याच्या अंतरावर, पण मैदान प्रचंड आणि दरवाजे अनेक. तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे दरवाजा वेगळा असतो आणि चुकीच्या दरवाजावरून बरोबरच्या दरवाजापर्यंत जाण्यात घामाची दुसरी आंघोळ होते. यानंतर जाणाऱ्यांसाठी : ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते आणि तिच्यावरही महालक्ष्मी नावाचं स्थानक आहे.

रांगेत शिलाँगचा एक बापलेकाचा जोड भेटला, दोघांचे टी-शर्ट सारखे. नागपूरच्या दोघी डॉक्टर, इंदूरचा एक बँकवाला. रॉकचा चाहता म्हणजे दंगेखोर, ही समजूत कुठून आली कोण जाणे. रांगेत कोणी घुसलं नाही, पाण्याची बाटली मागून पुढे सरकत होती. एसटीच्या दारात होते ती रेटारेटी इथे नव्हती.

आता कुठे उभं राहायचं. या सगळ्या खटाटोपातला खरा निर्णय हाच. महागडं तिकीट काढून चुकीच्या जागी उभं राहणारे शेकडो असतात आणि घरी जाऊन ते 'आवाज बेकार होता' असं सांगतात.

मैदानी कार्यक्रमात स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची लांबलचक माळ टांगलेली असते, तिला लाइन ॲरे म्हणतात. वरचे डबे जवळजवळ सरळ, लांबच्या लोकांसाठी. खालचे खाली वाकवलेले, जवळच्यांसाठी. अगदी कठड्याला चिकटलेला माणूस या माळेच्या पायाशी सापडतो. त्याच्यासाठी स्टेजच्या कडेवर छोटे स्पीकर ठेवतात, पण त्याला मुख्यतः बेसचे डबे छातीवर आणि ड्रमचा स्टेजवरून येणारा उघडा आवाज मिळतो. गायकाचे शब्द पातळ लागतात. चेहरे जवळून पाहायचे असतील तर कठडा, गाणं ऐकायचं असेल तर नाही.

चांगली जागा म्हणजे मिक्सरच्या मचाणासमोर पाच-दहा मीटर, मधल्या रेषेच्या जवळपास. मचाण साधारणपणे स्टेजपासून तीस-चाळीस मीटरवर असतं. ज्याच्या हातात आवाजाच्या कळा आहेत तो माणूस तिथे उभा राहून जे ऐकतो त्यावरच सगळं बेततो. त्याच्या पुढ्यात उभं राहणं म्हणजे स्वयंपाक करणारीच्या शेजारी पाट मांडणं. शिवाय मचाणाला कठडा असतो, पाठ टेकता येते, आणि गर्दीची लाट तिथे फुटते.

साउंडवाला दादा तिथे पोहोचल्यापासून स्टेजकडे नव्हे तर स्पीकरकडे पाहत होता. त्याने बेसचं गणित हाताने दाखवून सांगितलं. बेसचे डबे फक्त डाव्या-उजव्या दोन ढिगांत लावले तर मधोमध दोन्हींकडची लाट एकाच क्षणी पोहोचते आणि जोर दुप्पट होतो. बाजूला सरकलं की एक लाट उशिरा येते. ६० हर्ट्झची लाट जवळपास पावणेसहा मीटर लांब असते. दोन ढिगांपासूनच्या अंतरात त्याच्या निम्मा फरक पडला की लाटा एकमेकींना मारतात. म्हणजे सात-आठ पावलं सरकलात तर बेस नाहीसा, आणखी तेवढीच सरकलात तर परत हजर. मोठ्या कार्यक्रमांत म्हणून बेसचे डबे स्टेजच्या पुढ्यात एका ओळीत पसरतात, मग ही वाट-खड्ड्यांची रचना बरीच सपाट होते. आपल्याकडे वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक भिंत उभी करून सगळे डबे एकाच तोंडाने वाजवतात. तिथे जवळच्याचे कान फाटतात आणि मागच्याला नुसता धडधडाट येतो.

फार मागे जागा मिळाली तर मैदानाच्या मध्यावर उभारलेल्या मनोऱ्यांपैकी एक शोधावा. त्यांवरचे स्पीकर मुद्दाम उशिरा वाजवतात. या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर पोहोचायला जवळजवळ ०.२९ सेकंद लागतात. मनोऱ्याचा स्पीकर तेवढाच थांबला नाही तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. पडद्यावर ड्रमची काठी आधी पडते आणि ठोका नंतर येतो तो याच अंतरामुळे. व्हिडिओवाल्याची चूक नव्हे.

एक गोष्ट मात्र दादालाही नवी होती. ज्या हवेने दिवसभर छळलं तीच आवाजाला धार्जिणी. कोरड्या हवेत तार स्वर वाटेतच विरतात, दमट हवेत कमी विरतात. जळगावच्या मेच्या दुपारी झांजेची 'च्छ' शंभर मीटरवर बोथट होते. इथे ती टोकदार पोहोचत होती.

कानांचं आधी सांगायला हवं होतं, पण इथेच सांगतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा जो हिशेब आहे त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल पातळीही सरासरी १०० डेसिबलच आहे. रॉकचा कार्यक्रम अडीच-तीन तासांचा. कापूस कोंबून काही होत नाही, तो जेमतेम पाच-सात डेसिबल अडवतो. फोमचे बोळे स्वस्त आणि पुरेसे, पण तार स्वर जास्त कापतात, गाणं पांघरुणाखालून आल्यासारखं लागतं. गाळणी असलेले, तीन छत्र्यांच्या आकाराचे सिलिकॉनचे बोळे सगळे स्वर सारखे उतरवतात; नेहमी जाणाऱ्याने तेच घ्यावेत. फोमचा बोळा घालायची रीत : बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर-मागे ओढायचा, बोळा सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. नुसता टोचलेला बोळा पहिल्या उडीला पडतो. आणि हे पहिलं गाणं सुरू होण्याआधी. कान दुखल्यावर नव्हे.

अंधार पडला तसा समुद्रावरून वारा सुटला आणि मैदान जरा श्वास घेऊ लागलं. बँड आला. स्लॅशची उंच टोपी, गळ्यात लेस पॉल गिटार. धुळ्याचा गिटारवाला पोरगा पहिल्या सुरालाच शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाला, "अर्धा स्वर खाली!" हा बँड सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवतो, म्हणूनच घरी रेकॉर्डिंगसोबत वाजवताना नेहमीच्या जुळवणीत काहीच जमत नाही. आधी सहाही तारा अर्धा स्वर खाली आणाव्यात. तार सैल झाल्याने ती वाकवून सूर चढवणंही सोपं जातं, आणि गायकालाही वरचा सूर थोडा कमी गाठावा लागतो. ॲक्सलचा आवाज १९८७ चा नाही. तो तसा असावा असं म्हणत आलेला माणूस निराशच होणार. खालच्या पट्टीत तो अजून भरदार, आणि वरच्या ठिकाणी मैदानच त्याच्यासाठी गात होतं. तो पियानोवर बसला तेव्हा इंदूरचा बँकवाला उघडउघड रडत होता. शिलाँगच्या बापाने मुलाला खांद्यावर घेतलं, मागच्यांनी दोन मिनिटं चालवून घेतलं, मग हळूच खांद्यावर टकटक केली.

डफच्या बेसकडे लक्ष द्या असं दादाने दोनदा सांगितलं. तो बोटांनी नव्हे, प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने वाजवतो, त्यामुळे सुराला कडक टोक येतं आणि दोन गिटारांच्या गदारोळातही बेस वेगळा काढता येतो. मोबाइलवर हे कधीच कळत नाही, कारण तेवढा खालचा आवाज त्या स्पीकरमधून निघतच नाही.

उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा २००० च्या नियमांमधला दंडक. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तिच्या भरवशावर उशिरा निघू नये. मैदानी कार्यक्रम त्यामुळेच लवकर सुरू होतात. 'रॉकवाले काय, नऊला येतील' असं म्हणणाऱ्याची पहिली चार-पाच गाणी रस्त्यावर जातात.

संपल्यावर लगेच धावू नये. वीस मिनिटं जागेवर थांबलं की दरवाजावरची चेंगराचेंगरी ओसरते. टॅक्सीचे भाव तेव्हा आकाशाला भिडलेले असतात. चालत स्टेशन गाठून धीमी लोकल, हेच बरं. एकच खबरदारी : शनिवारी रात्री पश्चिम रेल्वेवर कधी कधी ब्लॉक असतो आणि रविवारी दिवसा मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावं.

रविवार, १८ मे : परतीची गाडी

परतीला महानगरी एक्सप्रेस. ती सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी सुटते, आणि इथेच अनेकांचं तिकीट वाया जातं. शनिवारी रात्रीची गाडी म्हणून लोक शनिवारची तारीख टाकतात. ती गाडी शुक्रवारची रात्र संपताच निघून गेलेली असते. कार्यक्रम १७ चा असेल तर तिकीट १८ चं हवं. दादरच्या फलाटावर असेच दोघे तिकीट तपासनीसासमोर उभे होते, अकोल्याचे. त्यांना जनरलचं तिकीट काढून उभ्याने जावं लागलं.

कसारा घाट झोपेत गेला. मनमाडला चहा, आणि चाळीसगावच्या पुढे खिडकीतून येणारी हवा पुन्हा ओळखीची, कोरडी. सकाळी सातलाच पत्रा तापायला लागलेला.

कान वाजत असतील तर दिवसभर हेडफोन लावू नये. बोळे नीट घातले असतील तर सहसा वाजत नाहीत. वाजलेच तर एक-दोन दिवसांत शांत होतात. त्यापलीकडे गेले, किंवा एकाच कानाने कमी ऐकू यायला लागलं, तर कानाच्या डॉक्टरकडे लगेच, 'बघू आठवडाभर' असं न म्हणता. मैदानात पट्ट्यावर पैसे भरले असतील तर उरलेली रक्कम परत मागायला ठरावीक मुदत असते. पट्टा कापण्याआधी त्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा. टी-शर्ट आतल्या दुकानातला महाग. बाहेर रस्त्यावरचा स्वस्त असतो पण दुसऱ्या धुण्यात छपाई भेगाळते. दोन्ही उलटे करून गार पाण्यात धुवावेत आणि आपल्या उन्हात मुळीच वाळवू नयेत, सावलीत.

नंदुरबार-दोंडाईचाकडच्यांनी भुसावळला उलटं येण्याची गरज नाही. ताप्ती मार्गाने सुरत, तिथून पश्चिम रेल्वेने थेट मुंबई. त्याच मार्गाने अहमदाबादही जवळ, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम तिथे झालेच. धुळेकरांना सकाळची मुंबई एक्सप्रेस आहे, पण ती दुपारी पोहोचते. ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी तिने जाऊ नये. गाडीला दोन तास उशीर झाला की मिक्सरसमोरची जागा गेली.

अमळनेरच्या दादाला भुसावळलाच फोन आला, संध्याकाळच्या हळदीचा. बेसचे डबे मांडवाच्या मधोमध एका ओळीत लावायचे आणि वरच्या स्वरांचे डबे (टॉप) स्टँडवर चढवून माणसांच्या डोक्यावरून जातील असे ठेवायचे, असं त्याने पोरांना फोनवरच सांगायला सुरुवात केली. पलीकडून बराच वेळ एकच प्रश्न येत होता, भिंत उभी करायची नाही तर ट्रॉली कशाला आणायची?